मांजरांची इजाजत घेणारे चाचा

घाटंजीत माणसांशी तुटक आणि मांजरांशी अदबीनं बोलणारे एकच गृहस्थ होते, आमच्या शेजारचे शिलाई मशीन दुरुस्त करणारे चाचा. मी लग्न होऊन तिथं गेले ती साठ सालच्या आसपास. जिनिंगमधून उडालेले कापसाचे पुंजके दुपारभर गल्लीत तरंगत असायचे, आणि त्यांच्याखाली चाचा कुणाचं तरी मांजर मांडीवर घेऊन पिसवा शोधत बसलेले. मशीनला तेल घालायची लांब चोचीची एक कुप्पी त्यांनी करंजाच्या तेलासाठी वेगळी ठेवली होती. "इजाजत आहे का, बेगम?" असं विचारून ते मानेमागं, जिथं मांजराची जीभ पोचत नाही तिथं, तीनच थेंब सोडत. मांजरानं शेपटी आपटली की नकार समजून काम उद्यावर. खोळंबलेलं गिऱ्हाईक कुरकुरलं तर मान वर न करता म्हणत, "मशीन थांबते भाऊ. पिसवा नाही थांबत."

मला हा सगळा खुळेपणा वाटे. म्हणून माझ्या करड्या मांजरीच्या, सरकीच्या अंगाला मी एका सकाळी ढेकूण मारायची पांढरी पूड चोळली. दुपारी ती थरथरायला लागली, पाय लटपटू लागले. यजमान शाळेत. त्या परक्या गावात दिवसभर माझी सोबत एवढीच होती. तिला पदरात गुंडाळून मी चाचांकडे धावले.

"चाटलं तिनं," एवढंच म्हणाले. रागावले नाहीत. कोमट पाण्यानं, साबणानं तिला दोनदा धुतलं, कोरड्या फडक्यात घेतलं.

"वाचेल का, चाचा?"

"मले काय माहीत, बेटी. बसू आपन."

बसलो. पुंजके तिच्या ओल्या कानांवर उतरत होते आणि चाचा एकेक फुंकून लावत होते. दिवेलागणीला ती दूध प्यायली.

पुढं आमची बदली अमरावतीला झाली. माडीवरची एक खोली, म्हणून सरकी चाचांकडेच ठेवली. मधूनमधून त्यांचं कार्ड येई, "सरकी बेगम खुशाल. पिसवा नाहीत." चार वर्षं येत राहिलं. मग एका लग्नाला घाटंजीला गेले, तेव्हा चाची आतल्या खोलीत हळूच म्हणाल्या, "थे तर पहिल्याच उन्हाळ्यात मेली, बेटी. यांच्यानं तुले तसं लिहिनं झालंच नाही."

मी बाहेर आले. चाचा बरेच थकले होते.

"सरकी दिसत नाही?" मी विचारलं.

"फिराले गेली असन."

"आली की सांगा, मी येऊन गेले म्हणून."

"सांगतो न, बेटी," म्हणाले, आणि कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले.