तनुजाची चॉकलेटची गाठ

भोकर-नांदेड बसची कंडक्टर तनुजा "पुढं सरका" ओरडली, की बसलेली माणसंसुद्धा दचकून सरकायची. पण पाळीच्या दिवसांत हीच खमकी बाई दांड्याला रेलून, ओठ आवळून तिकिटं काढायची. "बाईच्या जातीला दुखायचंच," सासू साखराबाई म्हणायच्या. लग्नाला सहा वर्षं झाली तरी पाळणा हलेना, तेव्हा नवरा शिवकुमार तिला नांदेडला डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेला.

निदान झालं, एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेरही वाढलेलं, अंडाशयात जुन्या रक्ताची गाठ. तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात, एवढंच शिवकुमारनं घरी सांगितलं. साखराबाईंनी डब्यातली चॉकलेटं लागलीच शेजारच्या लेकरांना वाटून टाकली. "लई खाल्लीस गं!" तनुजाला तर चॉकलेट आवडतच नव्हतं.

टेस्ट ट्यूब बेबीचं ठरलं. "गाठ आधी कापूनच टाका की," तनुजा म्हणाली.

"कापताना चांगली स्त्रीबीजंही जातात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुझ्याकडं आधीच कमी आहेत. आधी बीजं काढून बाहेर गर्भ तयार करू. चांगला गर्भ झाला, तर तो रुजायची आशा बरीच असते."

बीजं वाढायला रोजची इंजेक्शनं घरीच घ्यायची होती. शेतात सापाला शेपटी धरून भिरकावणारा शिवकुमार सुई बघून घामाघूम व्हायचा. शेवटी तनुजाच टोचून घ्यायची आणि हा कापूस धरून, डोळे मिटून विचारायचा, "झालं का?"

मोजकीच बीजं मिळाली, गर्भ दोनच झाले.

"येवढ्या सुया आन् दोनच?" साखराबाई.

"आत्याबाई, हळदीची रास हाय का ही?" तनुजा म्हणाली.

पहिला गर्भ रुजला नाही. त्या संध्याकाळी तनुजा चुलीपाशी नुसती बसून राहिली. साखराबाई जवळ सरकल्या. "मला बी असंच दुखायचं. शिवकुमार नऊ वर्षांनी झाला, मागून कोणी न्हाई. ह्याला नाव असतंय, हे कुणी सांगितलंच न्हाई."

दुखणं शांत करायला काही महिने औषधं दिली, मग गोठवून ठेवलेला दुसरा गर्भ गर्भाशयात सोडला. तो रुजला. सुकन्या जन्मली, आवाज थेट आईचा.

वर्षाच्या आतच पाळीची कळ परतली. "लेकरू झालं की बरं हुतंय म्हणत होते की सगळे!" शिवकुमार डॉक्टरीणबाईंवरच रुसला.

"दुखण्याला कुठं ऐकू येतं ते?" त्या हसल्या आणि त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.

आता जेवण झालं की साखराबाई गोळी तनुजाच्या हातावर ठेवतात आणि ती गिळेपर्यंत समोरून हलत नाहीत.