लाल फुलीचा कठडा

“हाड जुळतंय ना? मग तू कशाला उकरून काढतेस?”

“हाड जुळतंय हो. पण त्या पोरीला सगळ्यांनी खोटारडी ठरवलंय, ते कोण जुळवणार?”

“पोरं विसरतात, वहिनी.”

“तुम्ही विसरलात? पाचवीत बाईंनी तुमच्यावर पेन चोरल्याचा आळ घेतला होता. चार माणसं जमली की अजून सांगता.”

“ते वेगळं. तो आळ खोटा होता.”

“आणि हिच्यावरचा?”

नणंदबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. कोंडीत सापडल्या की त्या बसायला जागा शोधत. वहिनीच्या कारखान्यात मागे नाटकातल्या राजाचं सिंहासन होतं, लाल गादीचं, सोनेरी हातांचं. त्या टेकणार एवढ्यात वहिनी ओरडली, “वन्सं, तिथे नको! तेही थर्माकोलचंच आहे!”

नणंदबाई अर्ध्यातच थांबल्या. एक हात हवेत, एक कमरेवर. दुसरा कुठला दिवस असता तर दोघी हसून लोळल्या असत्या. आज कुणी हसलं नाही. एरवी ही त्यांना ‘ताई’ म्हणायची. ‘वन्सं’ निघालं की समजायचं, बाईसाहेब भांडणावर आल्यात.

नाटकमंडळी हिला भिंतवाली म्हणत. आली होती नाटकात काम करायला. पहिल्या तालमीला दिग्दर्शकाने तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. डोक्यापर्यंत पोचायला त्याला वेळ लागला. म्हणाला, “तू नायकाशेजारी उभी राहिलीस तर लोकांना वाटेल त्याची आई आली. जरा ती पडणारी भिंत धरतेस का?” तिने धरली. ती आजतागायत सोडली नाही. नाटकाच्या सुताराच्या हाताखाली रंधा शिकली, ठोकायला शिकली, ठोकलेलं एका रात्रीत सोडवायलाही शिकली. राजवाडे बांधले, तुरुंग बांधले, एकदा तर आख्खं जहाज बांधलं. नवरा मिळाला तोही नाटकातलाच, आवाजवाला. दिवसभर लोकांचे आवाज वरखाली करणारा हा माणूस घरी तोंड म्हणून उघडत नसे. आणि राजवाडे बांधणाऱ्या बाईच्या स्वतःच्या न्हाणीघराला कडी नव्हती. पाहुण्यांना आत गात बसावं लागे.

तिच्या धंद्यातला एकच नियम ती देवासारखा पाळायची. खरं काय आणि खोटं काय, हे नटाला माहीत हवं. नाटकातला जिना चढायचा असेल तर तो लाकडाचा. नुसता दिसायचा असेल तर थर्माकोलचा, वरून कापड, त्यावर रंग. पहिल्या रंगीत तालमीला ती सगळ्या नटांना हाताला धरून फिरवायची. “इथे टेका. इथे टेकू नका. इथे टेकलात तर तोंडावर आपटाल आणि मी हसेन.” शिवाय खोट्या वस्तूवर, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या अंगाला, तेलरंगाने लाल फुली. लाल फुली दिसली की मद्यपी नटसुद्धा शुद्धीवर यायचा.

नणंदबाई नवऱ्याच्या पाठची बहीण, पण वयाने हिच्याहून थोरली. सरकारी दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डाची सिस्टर म्हणून जन्म काढला. त्या वॉर्डातली मुलं महिनोन्‌महिने राहत आणि त्यांच्या आया खाटांखाली चटई टाकून झोपत. निवृत्त झाल्यावर सिस्टरांनी पण केला, की या बायांसाठी एक खोली बांधायची. पलंग, नळ, शेगडी आणि आतून कडी लागणारं दार, बस. पैसे उभे करायला त्यांनी गावातल्या सुतारांना, फर्निचरवाल्यांना, घरांचे नकाशे काढणाऱ्यांना पकडलं. प्रत्येकाने मुलांना आत शिरून खेळता येईल असं एक घरकुल करून द्यायचं. ती शाळेच्या मैदानावर मांडायची, लोकांनी बोली लावायची. कुणी कुत्र्याच्या छत्रीसारखं घर केलं, कुणी रॉकेट केलं. रॉकेट बाहेरून रॉकेट आणि आतून सरळसरळ कपाट होतं.

भिंतवालीने दुमजली घर केलं. आतून शिडी, वर माळा, माळ्यातून बाहेर डोकावणारा सज्जा. सज्जा मोठ्या माणसाच्या छातीइतका उंच. चित्र पाहूनच नणंदबाई म्हणाल्या होत्या, “वहिनी, सज्ज्यावरच विकलं जाणार हे.”

सज्ज्याच्या कठड्यासाठी मागवलेले लाकडी खांब आले ते तडा गेलेले. दुसऱ्या दिवशी प्रदर्शन. तिने हाताशी होतं ते केलं. थर्माकोल कापला, कापड चढवलं, वर सागवानाच्या रेषा अशा ओढल्या की सागवानाने लाजावं. लिलाव झाला की बदलू, मैदानात वर कुणाला चढू देणार नाही. आणि हाताला सवय, म्हणून आतल्या अंगाला लाल फुली मारली. फुली मारली की तिच्या लेखी सांगून झालं होतं. पण घर घेणाऱ्या आठ वर्षांच्या मुलीला कुणी रंगीत तालमीला नेलं नव्हतं.

घर टाइल्सच्या दुकानदाराने नातीसाठी घेतलं, सगळ्यांत मोठी बोली लावून. टाळ्या थांबायच्या आत त्याचा टेम्पो आला. भिंतवालीच्या डोक्यावर नवं नाटक बसलं होतं. कठड्याचं डोक्यातून गेलं म्हणावं, तर तेही खरं नाही. दोनदा आठवलं होतं. एकदा दात घासताना, एकदा भाजी निवडताना. दोन्ही वेळा ती मनात म्हणाली, उद्या फोन करते. तो उद्या उगवलाच नाही. उगवला तो आजोबांचा फोन.

“बाई, आमच्या कार्टीने तुमचा कठडा तोडला हो. स्वतःचा हातही मोडून घेतला. येऊन दुरुस्त करून द्याल?”

ती खरे खांब घेऊन गेली. मागच्या अंगणात नात पायरीवर बसली होती. उजवा हात प्लास्टरात, डाव्या हाताने सरबत पीत होती, निम्मं फ्रॉकवर. माळीकाकांनी तुटके तुकडे पोत्यात भरून भिंतीशी ठेवले होते; आत कुणी डोकावलं नव्हतं.

“तो कठडा मऊ होता,” नात म्हणाली. “आतून पांढरा. दाणे दाणे.”

“ऐका!” आजोबा हसले. “लाकूड मऊ! माकडासारखी लटकली असणार, दुसरं काय.”

“नव्हते लटकले. नुसती टेकले. तिथे फूल पण होतं, लाल.”

“आता फूलही आलं.”

भिंतवालीने पोत्याकडे पाहिलं. फुलीचं फूल. तोंड उघडायचं तर ते तेव्हाच. तिने उघडलंही. आणि त्यातून निघालं, “हा कचरा मी जाताना नेते.” आधी शब्द निघाले आणि मग तिला कळलं, आपण काय केलं ते.

नवे खांब बसवून झाल्यावर आजोबांनी बाहेरून हात उंचावून कठड्यावर रोवले, सगळा भार टाकला. कठडा तसूभर हलला नाही. “बघ! मी टेकलो तरी हलत नाही. आणि म्हणे मऊ. सॉरी म्हण बाईंना. किती मेहनत करून बनवतात त्या, तेही कुणासाठी, आजारी मुलांसाठी.”

नातीने प्लास्टरवर नखाने रेघ ओढली. मग म्हणाली, “सॉरी.”

“असू दे गं. होतं असं,” भिंतवाली म्हणाली. आणि छान म्हणाली. हलकं हसू, मान किंचित तिरकी. रंगमंचावर तिला उभ्या जन्मात एक वाक्य मिळालं नव्हतं. मिळालं ते हे.

त्या दिवसापासून ती कुठेही बसण्याआधी खुर्ची दाबून पाहायची. स्वयंपाकघरातल्या ओट्याला टेकायची नाही. नवऱ्याने एकदा भुवई उंचावली. त्याच्यासाठी ते लांबलचक भाषण होतं. पण तिने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पोतं कारखान्यात रंगाच्या डब्यांमागे होतं. आज नणंदबाई खोलीचं काम कुठवर आलं ते सांगायला आल्या, आणि हिने न राहवून ते पोतं त्यांच्यासमोर ओतलं.

“म्हणजे तुला सांगायचंय,” सिंहासनाचा नाद सोडून नणंदबाई एका उलट्या डब्यावर बसल्या.

“हो.”

“सांग. मग काय होईल तेही ऐक. तो पैसे परत मागेल. बाकीचे म्हणतील, आमचीही घरं तपासा. खोलीच्या भिंती छातीपर्यंत आल्यात, वहिनी. गवंडी थांबवू? खाटेखाली झोपणाऱ्या बायांना काय सांगू? आमच्या वहिनींना अन्न गोड लागत नाही, म्हणून तुम्ही अजून दोन वर्षं फरशीवर झोपा?”

“तसं नका बोलू.”

“मग कसं बोलू? त्या पोरीचा हात मोडलाय, तो बरा होतोय. माझ्या वॉर्डातल्या पोरांचं…” त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.

“तुमचं बरोबर आहे, ताई.”

“मग?”

“मग काही नाही. बरोबर आहे आणि तरी घशाखाली उतरत नाही. तिने मला सॉरी म्हटलं हो. मी ते घेतलं. दुसऱ्याच्या ताटातलं उचलावं तसं.”

नणंदबाईंनी जमिनीवरचे पांढरे दाणे पायाने एकत्र केले. “मी जा म्हणणार नाही,” त्या शेवटी म्हणाल्या. “आणि पोतं बसमधून नेऊ नकोस. दाणे सांडत जातील.”

पोतं तिने नेलंच नाही. एकच तुकडा पिशवीत घातला, फुली असलेला. दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबा पुढच्या खोलीत टाइल्सचे नमुने पसरून बसले होते. तिने तुकडा त्यांच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. तडा गेलेले खांब, दोनदा आठवणं, पोतं, सगळं. तालीम केली होती तशी एकही ओळ आली नाही. सगळी उलटसुलट आली.

आजोबांनी तुकडा तळहातावर जोखला. पापडासारखा हलका.

“म्हणजे मला फसवलंत.”

“हो.”

“आणि मी त्या नव्या कठड्यावर जोर लावून दाखवत होतो, तेव्हा तुम्ही शेजारी उभ्या होतात.”

“हो.”

आजोबा तुकडा टाइल्सवर ठेवून उठले, आतलं दार लोटून आले. आवाज खाली आणला. “हे बघा. तुम्हा लोकांचं काम चांगलं आहे. ती खोली व्हायला हवी. मी कुणाला एक शब्द बोलत नाही. पैशांचं नाव काढत नाही. फक्त तिला काही सांगू नका.”

“का?”

“का काय? मी तिला शेजाऱ्यांसमोर खोटारडी म्हटलंय. तिच्या आईने तिच्याशी दोन दिवस अबोला धरला, माझ्या सांगण्यावरून. आता कुठल्या तोंडाने जाऊ तिच्यासमोर? आजोबा म्हणून काही राहतं का माझं? विसरली असेल ती. मिटवून टाकू.”

मिटवायला काहीच लागत नव्हतं. नुसतं बरं म्हणायचं होतं. भिंतींचं काम चालू राहिलं असतं, नणंदबाई पुन्हा हसून बोलल्या असत्या, आयांच्या दाराला आतून कडी लागली असती. भिंतवालीच्या ओठांवर ‘बरं’ आलंही. या माणसाचा चेहरा तिला ओळखीचा वाटत होता. गेले कित्येक दिवस आरशात तोच दिसत होता.

“मला नाही जमणार, काका,” ती म्हणाली.

“मग मी पैसे परत मागणार, लक्षात ठेवा.”

“मागा.” तिने आतल्या दाराकडे पाहिलं. “तिला बोलवता, की मी आत जाऊ?”

बोलवावं लागलं नाही. लोटलेलं दार उघडून नातच आली. डाव्या हाताने काढलेलं वाकडंतिकडं चित्र आजोबांना दाखवायला. भिंतवालीला पाहून ती दारातच थांबली.

भिंतवाली खाली बसली, फरशीवर, म्हणजे डोळे सारख्या उंचीवर आले. “तो कठडा मऊच होता,” ती म्हणाली. “मी थर्माकोलचा केला होता. तू तोडला नाहीस. तू खरं बोलत होतीस.”

“मला माहितीये,” नात म्हणाली.

“ते लाल होतं ना, ते फूल नव्हतं. टेकू नका अशी खूण होती. तुला सांगायला हवं होतं मी.”

नातीने चित्र खाली केलं. “मी सॉरी म्हटलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“आणि तुम्ही ‘असू दे’ म्हणालात.”

“म्हणाले.” भिंतवालीने तिच्या प्लास्टरकडे पाहिलं. “खूप चुकलं माझं. मला माफ करशील?”

आजोबा टाइल्सचे नमुने एकावर एक रचत होते, पाडत होते, पुन्हा रचत होते. नातीने चित्र तिथेच ठेवलं, टाइल्सवरचा तो तुकडा उचलला, फुलीवर अंगठा ठेवून दाबला. अंगठा आत गेला. तिने तुकडा आजोबांच्या मांडीवर ठेवला आणि त्यांच्याकडे पाहिलं.

आजोबांनी मान खाली घातली. मग खाकरून म्हणाले, “अगं, बाई एवढ्या लांबून आल्यात. काहीतरी बोल त्यांच्याशी.”

नातीने प्लास्टरचा हात छातीशी धरला आणि दोघांपैकी कुणालाही उत्तर न देता बाहेर निघून गेली.