सात वेळा ‘पण’

माझी कॉलेजपासूनची मैत्रीण अमेरिकेत अल्फारेटाला राहते, मी तिथून विमानानं दोन तासांवर नोव्हायला. दोन वर्षांपूर्वी तिनं नवऱ्यापासून वेगळं व्हायचं ठरवलं आणि ते फक्त मला सांगितलं. “आईला इतक्यात कळायला नको. मीच नागपूरला जाऊन सांगेन,” म्हणाली.

मी ते बोलून बसले. इथल्याच एका ओळखीच्या, मूळच्या नागपूरच्या काकूंकडे जेवायला गेले होते, त्यांनी तिची चौकशी केली, तेव्हा. चार दिवसांत तिच्या आईचा तिला फोन गेला. मग तिचा मला. “तू का सांगितलंस?” एवढंच विचारलं. मी काहीतरी पुटपुटले. तिनं फोन ठेवला आणि मला ब्लॉक केलं.

तिचा पत्ता तेवढा माझ्याकडे होता. ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून पत्र लिहायला घेतलं. मराठी लिहायची सवय गेलेली, जोडाक्षरं अडत होती. तरी चार पानं झाली. पोस्टात टाकलं आणि जिवाला चैन पडेना. आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर सगळ्या घरांच्या टपालपेट्या एकत्र आहेत. दिवसातून तीनतीनदा तिथं चक्कर मारायचे. मुलगी वैतागून म्हणाली, “मॉम, मेल कम्स ओन्ली वन्स!”

तिसऱ्या आठवड्यात उत्तर आलं. ‘तुझ्या पत्रात “पण” हा शब्द सात वेळा आहे. मी मोजला.’ बस. खाली सहीसुद्धा नाही.

आधी रागच आला. मग माझ्या पत्राचा फोटो काढून ठेवला होता, तो उघडला. ‘माझं चुकलं, पण विषय काकूंनी काढला.’ ‘तुला दुखवायचं नव्हतं, पण कधीतरी कळणारच होतं.’ वाचताना कानशिलं तापली.

माझं दुसरं पत्र अर्ध्या पानाचं. त्यात लिहिलं, ‘तुझ्याबद्दल सगळ्यांपेक्षा जास्त मला ठाऊक आहे, हे त्या टेबलावर दाखवायचं होतं. दुसरं काही कारण नव्हतं.’

या वेळी तिनं पान भरून लिहिलं. आई दोन महिने बोलली नव्हती, आता रोज फोन करून काय जेवलीस विचारते. शेवटी होतं, ‘लिहीत जा. फोन नको. फोनवर तू विचार न करता बोलतेस.’

तेव्हापासून महिन्याला एखादं पत्र येतं-जातं. नवी नोकरी, गुडघेदुखी, कुंडीतली मिरची. नवऱ्याबद्दल ती लिहीत नाही, मी विचारत नाही. गेल्या महिन्यात तिनं घर बदललं. नवा पत्ता कळवला आणि खाली लिहिलं, ‘हा कुणाला देऊ नकोस.’

दिवसभर मी घरात येरझाऱ्या घालत होते. तिनं विश्वास टाकला की टोमणा मारला, मला अजून कळलेलं नाही. उत्तर मात्र त्याच संध्याकाळी नव्या पत्त्यावर टाकलं.