माझ्या काठची निरगुडी

लोकांना वाटतं, मला पाखरांचा फार कळवळा आहे. वाटू दे. नाल्याकाठी निरगुडी मी शेजाऱ्याची जिरवायला लावली.

त्याचं वावर नाल्याच्या पलीकडे. एका उन्हाळ्यात त्यानं वणीहून जेसीबी आणून दोन्ही काठांची झुडपं खरडली आणि नाला माझ्या बाजूला वळवला. पूर आला तरी त्याची कपाशीची पऱ्हाटी शाबूत राहावी म्हणून. त्या पावसाळ्यात माझ्या वावराचा खालचा तुकडा गेला, सगळ्यात काळी माती होती तो. जाब विचारला तर म्हणतो, "पानी का मायं आयकते काय, काकू?"

मग मी ठरवलं, आता ते माझं ऐकेल. निरगुडीच्या काड्या ओल्या काठात दाट खोचल्या, मध्ये धायटी, वर बोरी. निरगुडीला बकऱ्या तोंड लावत नाहीत. मुळांना वेळ लागला, मी थांबले. तितर आले, ससे आले, मुंगसाची जोडी राहायला आली. आणि मग एका मोठ्या पुरात पाणी माझ्या काठाला धडकून पलीकडे फिरलं. त्याची पऱ्हाटी एकेक ओळ करून नाल्यात पडताना मी माझ्या वावराच्या धुऱ्यावर उभी राहून पाहिली. खोटं कशाला बोलू, मस्त वाटलं.

तो काड्या मागायला घरी आला. मी हाकलला. मग पोळ्याच्या आदल्या दिवशी, सगळा गाव नाल्यात बैल धुवायला उतरलेला असताना, त्यानं मला चारचौघांत गाठलं.

"काकू, सनाचे दिवस हायत. थोड्या काड्या द्या ना, नाई नोका म्हनू."

"देईन. पयले साऱ्याइले सांग, नाला कोनं वयवला."

तो बैलाच्या पाठीवर हात फिरवत राहिला. "मीनं," पुटपुटला.

"बैलाले नोको सांगू. लोकाइले सांग."

लोक बैल घासायचे थांबले. शेवटी त्यानं मान खाली घालून मोठ्यानं सांगितलं. मला वाटलं होतं, आता पोटात गार पडेल. गारबिर काही पडलं नाही. माती गेली ती गेलीच.

काड्या दिल्या, शब्द दिला होता म्हणून. चांगल्या, हिरव्या, बोटाएवढ्या जाड. कशा खोचायच्या तेही दाखवलं. तो पाया पडला.

निरगुडीला काठ धरायला दोन पावसाळे लागतात, तोवर काठ उघडाच. त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्यातला एक मला पुरे आहे.