मुठीत न येणारा शर्ट

माझ्या सासरी शर्ट जोखायची एकच रीत होती. अंगात घातला की सासूबाई पाठीमागून कापड मुठीत धरायच्या. मूठ भरली तर शर्ट बसला. नाही भरली तर शिंप्यानं कापड मारलं. कंट्रोलचे दिवस, कापड रांगेत उभं राहून मिळायचं, म्हणून जो पोत्यासारखं शिवेल तो शिंपी प्रामाणिक! मला हे बघून चीड यायची. नगरला मिशनच्या शिवणवर्गात मी शिकले होते, आणि तोंड बंद ठेवायला काही तिथं शिकवलं नव्हतं.

लग्नात माहेरहून मशीन आणलं होतं. ते सासूबाईंच्या डोळ्यांत सलायचं. "बाईनं गड्याचे कपडे शिवायचे व्हय? लोक काय म्हनतील?" शेवटी मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तोड काढली. त्यांचा नाताळचा शर्ट मी शिवायचा. बसला तर मशीन राहील. नाही बसला तर माझा भाऊ सणाला बैलगाडी घेऊन येणारच होता, त्याच गाडीतून मशीन परत माहेरी. मी म्हटलं, चालेल. वरून हसले खरी. मशीन गेलं असतं तर त्या घरात मी नुसती भाकरी थापायला उरले असते.

मामंजी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, गाणी सांगायचे. हातात चिपळ्या, दोन्ही हात वर. दर नाताळात हातांबरोबर शर्टही वर जायचा आणि धोतराची गाठ साऱ्या मंडळीला दिसायची. पोरं खुसखुसायची. सासूबाई म्हणायच्या, पुढच्या वर्षी आणखी ढिला शिवा. अहो, ढिला होता म्हणूनच तर! बगल खाली लोंबली की हात वर करताच अख्खा शर्ट उचलला जातो. मी कापड आधी भिजवून वाळवलं, बाही जोडायचा मुंढा बगलेला लागून कापला आणि पाठीला चिमटीत येईल एवढीच ढील ठेवली.

नाताळच्या सकाळी मामंजींनी शर्ट घातला. सासूबाईंनी पाठीमागून हात घातला, तर मुठीत काहीच येईना.

"कापड कुठं गेलं गं?"

मी उरलेला तुकडा आणून त्यांच्या हातावर ठेवला. "हे घ्या, आत्याबाई. चिंधी जरी कमी भरली तरी सांगा मला."

"मग आवळलंस की त्यांना! भर देवळात टराटरा फाटंल." आणि दारात नुकताच बैल सोडून आलेल्या माझ्या भावाला त्या म्हणाल्या, "पाव्हनं, जेवनं झाली की मशीन गाडीत घाला."

तेवढ्यात देवळाची घंटा झाली. शर्ट बदलायला वेळच नव्हता. मामंजी तसेच निघाले.

पहिलं गाणं सुरू झालं. मामंजींचे हात वर गेले. शर्ट जागच्या जागी! कॉलर मानेला, कफ मनगटाला, आणि धोतराची गाठ कुणाच्या बापाला दिसेना. मामंजींनी कडवं म्हणता म्हणता कमरेकडं पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि मग काय विचारता! गडी असा रंगला की तेच कडवं तीनदा म्हटलं, दर वेळी हात आणखी उंच. मला तिथंच ओरडावंसं वाटलं.

माझ्या पलीकडं बसलेली एक बाई सासूबाईंच्या कानाला लागली. "कुन्या शिंप्यानं शिवला वं?"

सासूबाईंनी पदर सावरला. मग साऱ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "शिंपी कशाला? आमची सून हाय की!"

दुपारी जेवणं उरकली. माझा भाऊ बिचारा सांगितल्याप्रमाणं मशीन उचलायला वाकला, तशा सासूबाई चुलीपासून धावतच आल्या.

"पाव्हनं, हात लावू नगा त्याला! आमचं हाय ते."

भाऊ चकित होऊन माझ्याकडं बघायला लागला. मी कशाला लपवू? चांगली बत्तिशी दाखवून हसले.