गॅसवर टांगलेला तुंबा

पूर्वी किडे दुकानात असायचे, आता ते माझ्या परसात राहायला आलेत. लग्न होऊन कुरखेड्यात आले तेव्हा दुकानातली तुरीची डाळ पाखडल्याशिवाय शिजवायची सोय नव्हती. आता तीच डाळ वर्षभर डब्यात पडून राहिली तरी एक सोंडा तिच्याकडे फिरकत नाही. म्हणजे किडे ज्याला तोंड लावत नाहीत, ते आम्ही मुकाट खातो! आणि परसात बघावं तर जास्वंदीवर पांढरा कापूस, वांग्यात अळी, पपईच्या पानाखाली काहीतरी चिकट. राख टाकून झाली, निंबाचा पाला उकळून झाला, शिव्या देऊन झाल्या.

यंदा मृग लागला आणि मी पोपटाचं बी काढायला तुंबा खाली उतरवला. पोपट म्हणजे आमच्याकडचा वाल. सासूबाई दर वर्षी त्याचं बी वाळक्या दुधीच्या तुंब्यात भरायच्या, तोंडाला चिंधीचा बोळा लावायच्या आणि तुंबा चुलीवर टांगायच्या. त्या जाऊन दोन वर्षं झाली. त्यांच्या हातचं असं घरात हे बीच काय ते उरलं होतं. बोळा काढून परातीत ओतलं, तर आधी भुंगे चालत बाहेर आले आणि मग पीठ. भोक नसलेला एक दाणा सापडेना.

मी कपाळावर हात मारून घेतला.

"काऊन एवढी चिडून राह्यली?" नवरा म्हणाला. "कृषी केंद्रातून पाकीट आनून देतो ना."

"तुमच्या आईचं बी होतं ते."

त्यांनी परातीत पाहिलं, मग भिंतीकडे. "तुंबा कुठी टांगला होता तू?"

"चुलीवर. म्हणजे... गॅसवर."

मागच्या दिवाळीत आम्ही चूल काढून ओटा केला. मिस्त्री नको नको म्हणत असताना मी नव्याकोऱ्या टाइलला भोक पाडून बरोबर शेगडीच्या वर खिळा ठोकून घेतला. कारण आमच्या घरात बियाण्याचा तुंबा चुलीवरच टांगतात! का टांगतात, ते तीस वर्षांत कधी विचारलं नाही. धुरानं किडा लागत नाही, एवढी साधी गोष्ट. गॅसला कुठला आलाय धूर? माझाच मला इतका राग आला की दुपारी जेवण गेलं नाही.

कृषी केंद्रात गेले. "देशी पोपट कोन ठेवते आता, बाई?" म्हणत दुकानदारानं पाकीट उघडून पुढे केलं. आतले दाणे किडीचं औषध चोळून गुलाबी केलेले. हात लावला तर बोटं रंगली.

"याचं बी धरता येईल ना पुढच्या वर्षाला?"

"कायले धरता? पुढच्या वर्षी पुन्हा या ना."

पाकीट तिथेच ठेवून आले.

आता एकच दार उरलं होतं, आणि तिथे जायची मला लाज वाटत होती. जंगलाकडच्या गावातली एक बाई दर उन्हाळ्यात चारोळीचा द्रोण घेऊन आमच्याकडे यायची आणि सासूबाई तिला मूठभर बी द्यायच्या. सासूबाई गेल्या त्या वर्षीही ती आली. मी म्हणाले, "यंदा बी कमी आहे." तुंबा गळ्यापर्यंत भरलेला होता. दारात येऊन मागणाऱ्यांचा तेव्हा मला वीट आला होता, एवढंच कारण. तिनं वर टांगलेल्या तुंब्याकडे एकदा पाहिलं, द्रोण तरीही ओसरीवर ठेवला आणि गेली. नंतर आलीच नाही.

आठवडी बाजारात ती जांभळं घेऊन बसली होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

"गॅसवर?" ती एवढ्या मोठ्यानं हसली की शेजारचे भाजीवाले वळून बघायला लागले. मला तेव्हाही रागच आला. मग ती म्हणाली, "तुया सासूचं बी आहे माह्या घरी. दर साली लावतो मी. पुढच्या बाजारी आनतो."

आणलं. पळसाच्या पानात बांधलेलं, धुरानं काळपट झालेलं, टणक. दाणा दाताखाली धरून पाहिला, फुटला नाही. मला रडू आलं, आणि भर बाजारात रडू आलं म्हणून स्वतःवरच चिडले.

पिशवीत घासूनपुसून आणलेला रिकामा तुंबा होता. तो मी तिच्यापुढे ठेवला. "शेंगा वाळल्या की बी घेऊन येते. तुझ्या चुलीवर टांगशील?"

तिनं तुंबा हातात घेऊन फिरवून पाहिला.

"टांगतो ना. पन मंग तू मांगाले आली, अन् मी म्हनलं यंदा बी कमी आहे, त मंग?"

मी तिच्या हातातला तुंबा घेऊन तिच्याच टोपलीत ठेवला.