खुर्ची नंबर नऊ

लेकरांनो,

हे पत्र तुम्हा दोघांना आहे, पण उत्तर थोरलीच्या प्रश्नाचं आहे. धाकट्या, तुला यातलं थोडंच ठाऊक आहे, तरी तूही वाच. फोनवर मला हे सांगता आलं नसतं. तुम्ही मध्येच काहीतरी प्रेमाचं बोलला असतात आणि मी तिथेच थांबले असते.

थोरले, मागच्या महिन्यात तू तुमच्या जॅझ बँडचा व्हिडिओ पाठवलास. सतरा जण, काळे कपडे, अर्धगोलात खुर्च्या. पाचव्या मिनिटाला तू ट्रॉम्बोन घेऊन उठलीस, तुझ्यामागे बाकीचे उठले आणि वाजवत वाजवत सगळे लोकांमध्ये शिरलात. खाली तू लिहिलं होतंस की मोठ्या जॅझ बँडने खुर्चीवर बसूनच वाजवायचं ही जुनी शिस्त तुम्ही मोडलीत. आणि विचारलं होतंस, तुमच्याकडे असं कधी कुणी केलंय का, आजी?

केलं होतं. नानांनी. त्यांना मी खाली बसवलं.

जळगावच्या कार्यक्रमाचा जो व्हिडिओ मी तुला पाठवला होता त्यात हे नाही, कारण ती चार मिनिटं मी कापायला लावली होती. शेवटी नाना क्लॅरनेट मांडीवर ठेवून नुसते का बसलेत, असं तू तेव्हा विचारलंस. मी लिहिलं, त्यांना दम लागला होता. ते खोटं होतं. आता क्रमाने सांगते.

नाना धुळ्यातल्या एका जुन्या लग्नाच्या बँडचे मास्तर. लहानथोर सगळे त्यांना नानाच म्हणतात. माझ्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी तुमच्या आजोबांकडची मंडळी वाजतगाजत आली, त्या मिरवणुकीला, म्हणजे शेवंतीला, नानांच्या वडिलांचा बँड होता. क्लॅरनेटवर नाना होते, मिसरूडही नीट न फुटलेले. पुढे बँड त्यांच्या हाती आला. मिरवणुकीत मास्तर सगळ्यांच्या पुढे चालतो, आणि आमच्याकडच्या बँडवाल्यांची एक रीत आहे: मास्तरने मागे वळून पाहायचं नाही. तो चालला की बँड चालतो. वळून पाहिलं तर बँडवर त्याचा भरवसा नाही असा अर्थ होतो, आणि मग त्याची टिंगल होते. नाना पन्नास वर्षांत कधी वळले नव्हते.

मग डीजेच्या गाड्या आल्या. यावलकडच्या एका केळीच्या व्यापाऱ्याने मुलीच्या लग्नात बँड आणि डीजे दोन्ही सांगितले. बँड कशाला, तर गणवेशातली माणसं व्हिडिओत शोभून दिसतात. गावात शिरताना वधूपित्याने नानांना सांगितलं, नुसतं तोंडाला लावून चाला, आवाज काढू नका, गाण्यात घोटाळा होतो. नानांनी आवाज काढला. डीजेवाल्याने आपला आवाज वाढवला. नाना वेशीपासून मांडवापर्यंत वाजवत गेले आणि ते कुणालाच ऐकू गेलं नाही. ही हकीकत मला नानांच्या भाच्याने हसत हसत सांगितली होती.

बँडचा कारभार तोवर या भाच्याकडेच गेला होता. तो जळगावच्या कॉलेजात माझा विद्यार्थी होता. एका दिवाळीला भेटायला आला तेव्हा मी त्याला तुझ्या बँडचा एक जुना व्हिडिओ दाखवला, खुर्च्यांवर बसून वाजवलेला. त्याने तो तीनदा पाहिला. म्हणाला, मॅडम, हे आपल्याकडे होऊ शकतं. रस्त्यावर आता आम्हाला कुणी ऐकणार नाही, हॉलमध्ये ऐकतील. मी नाशिकच्या शाळेत नन्सकडे पियानो शिकले होते, पाश्चात्य संगीत कागदावर लिहायची-वाचायची पद्धत, स्टाफ नोटेशन, मला येत होती, हे त्याला माहीत होतं. खरं सांगायचं तर निवृत्त झाल्यापासून मला कुणी काही शिकवायला बोलावलं नव्हतं. मी लगेच होकार दिला.

नानांचं काय करायचं, असं मी विचारलं. भाचा म्हणाला, "मामा राहू द्या की. फोटोत बरे दिसतात."

नानांच्या शेवंतीच्या धुनेचं रेकॉर्डिंग मी तुला पाठवलं आणि तू ती धून चौदा वादकांसाठी बसवून कागद पाठवलेस. मधल्या बत्तीस मात्रा तू क्लॅरनेटसाठी मोकळ्या सोडल्या होत्यास. वर तुझ्या वेड्यावाकड्या मराठी अक्षरात लिहिलं होतंस: इथे नानांनी मनाला येईल ते करावं, बाकीच्यांनी वाट पाहावी. ही ओळ मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवली. हे लक्षात ठेव.

पावसाळ्यात लग्नं नसतात, बँडवाले मोकळे असतात. ते चार महिने मी आठवड्यातून दोनदा पारोळ्यातल्या घरून बसने धुळ्याला जात होते. तालमीची खोली लांबट होती, वर पत्रे. चौदा खुर्च्या मागवल्या आणि प्रत्येकीच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने नंबर टाकला. हजेरीची वही केली. पहिला नियम फळ्यावर लिहिला: वाजवताना खुर्ची सोडायची नाही. जन्मभर चालत वाजवलेली माणसं ती, सूर लागला की उठायची. कुणी उठलं की मी पट्टीने टेबलावर ठोकायची. महिनाभरात उठणं बंद झालं.

नानांना नऊ नंबर दिला, मधल्या रांगेत. त्यांना कागद वाचता येत नव्हता. इतरांचं एकदा ऐकून ते आपला भाग पाठ करायचे आणि कागदाकडे पाहत वाजवायचे. मला संशय आला. एके दिवशी मी त्यांच्या पुढचा कागद उलटा ठेवला. नानांनी डोळे कागदावर ठेवून पूर्ण धून बिनचूक वाजवली. मग मी तो कागद उचलून सगळ्यांना दाखवला. खोलीत हशा पिकला. भाचा खुर्चीवरून पडायचा बाकी होता. चाळीस वर्षं वर्गात वापरलेली युक्ती होती ती, आणि ती साधली याचा मला आनंद झाला.

नाना हसले नाहीत, रागावलेही नाहीत. सूर आपलाच आहे, एवढंच अहिराणीत म्हणाले, "सूर ते मन्हाच शे, अक्का. कागद उलटा ऱ्हावो का सुलटा."

त्यांच्या पायांचाही त्रास होता. बसल्या बसल्या ते पावलं टाकायचे, बुटांचा आवाज व्हायचा. मी त्यांना पाय थांबवायला सांगितलं, तर म्हणाले, "मन्हा पाय चालतस तवय बोटे चालतस." मी म्हटलं, पाय चालले तरच बोटं चालतात ही नुसती सवय आहे, मोडेल. पाय खुर्चीच्या मागच्या पायांत अडकवून बसायचं त्यांना शिकवलं, लहान मुलांना शिकवतात तसं. त्यांनी तेही केलं. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे आहेत ते. मी म्हणेन ते करत होते, कारण बँड टिकायला हवा होता आणि बँड टिकवण्याचा रस्ता मला ठाऊक आहे असं त्यांना वाटत होतं.

दिवाळीनंतर जळगावला कार्यक्रम झाला. हॉल भरला होता. सराफ बाजारातली व्यापारी घरं आली होती, माझे जुने सहकारी होते, पहिल्या रांगेत पाहुणे. निवेदन माझं होतं. मी रंगमंचाच्या कडेला माइक घेऊन उभी होते. लग्नातली बँडपार्टी आणि तिचं नवं रूप यावर मी चांगलं बोलले, टाळ्याही पडल्या. सुरुवातीच्या दोन धुना कागदाबरहुकूम वाजल्या. मग शेवंती लागली आणि नानांच्या मोकळ्या मात्रा आल्या. बाकीचे थांबले.

पहिल्या चार मात्रा नाना बसून वाजवत होते. मग त्यांचे पाय खुर्चीतून सुटलेले मला दिसले. ते उठले. दोन खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आले, तीन पायऱ्या उतरले आणि मधल्या वाटेने चालू लागले. तू लिहिलंच होतंस, मनाला येईल ते. त्यांच्या मनाला हे आलं.

कसं वाजलं ते मी तुला सांगायला हवं, कारण मला त्यातलं कळतं. माझ्या दारात वाजलं होतं तसंच वाजलं. वयाने फुंक थोडी फाटली होती, इतकाच फरक. लोक वळून पाहू लागले. नाना पुढे पाहत चालत होते. मागून बँड येणार याबद्दल त्यांना शंका नव्हती.

बत्तीस मात्रा संपल्या तेव्हा ते दहाव्या रांगेपाशी होते आणि थांबायचं काही चिन्ह नव्हतं. पहिल्या ट्रम्पेटवर एक चाचा आहेत, धुळ्यात शिवणकाम करतात, तीस वर्षं नानांच्या मागे चाललेले. ते खुर्चीवरून अर्धे उठले आणि माझ्याकडे पाहिलं. मी मानेने नाही म्हटलं. ते बसले. भाच्याने खूण केली आणि बँड कागदाप्रमाणे पुढचा भाग वाजवू लागला. नानांची लय वेगळी, यांची वेगळी. दोन्ही एकमेकांवर आदळू लागल्या. पहिल्या रांगेत कुणीतरी हसलं. माझ्या हातात माइक होता.

"नाना, खाली बसा."

आवाज वर्गातला होता. सगळा हॉल हसला. वाईट हेतूने नव्हे, शाळेत एखाद्याला उभं केलं की बाकीचे हसतात तसा.

नाना थांबले. मग त्यांनी मागे वळून पाहिलं. तेरा जण खुर्च्यांवर बसले होते आणि प्रत्येकाची नजर कागदावर होती.

ते परत आले. पायऱ्या चढताना कठड्याला धरलं, क्लॅरनेट काखेत. नऊ नंबरवर बसले, क्लॅरनेट मांडीवर घेतलं आणि दोन्ही पाय खुर्चीच्या मागच्या पायांत अडकवले. शेवटपर्यंत तसेच बसून राहिले. बाकीच्यांनी शेवंती पूर्ण केली. फार चांगली वाजली. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि मी पुढच्या धुनेचं निवेदन केलं.

सामान आवरताना चाचा माझ्याजवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, आम्ही उठलो असतो. पण तुम्ही पाहत होता."

आमच्या व्हिडिओतून ती चार मिनिटं मी दुसऱ्याच दिवशी काढायला लावली. पण हॉलमधल्या कुणाच्या तरी फोनवर तेवढीच होती, आणि तेवढीच धुळ्यात पोहोचली. नाना सकाळी दूध आणायला निघाले की पानटपरीवरची पोरं मागून रांगेने चालायची आणि कुणीतरी माझ्या आवाजात म्हणायचं, नाना, खाली बसा. नाना आधी वळायचे नाहीत. नंतर दुधाला सून जाऊ लागली.

बँडला पुढच्याच महिन्यात नाशिकच्या एका हॉटेलात काम मिळालं. भाच्याने नऊ नंबरवर शिरपूरचा एक सॅक्सोफोनवाला घेतला, कागद वाचणारा. मामांचं वय झालं, असं त्याने मला फोनवर सांगितलं. मी बरोबर आहे म्हटलं. तेव्हापासून नानांनी क्लॅरनेट तोंडाला लावलेलं नाही.

तुझा व्हिडिओ आला तेव्हा मी तो दिवसभर पाहिला आणि दुसऱ्या दिवशी टॅब घेऊन धुळ्याची बस धरली. बसमध्ये मी बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. नाना पडवीत खाटेवर बसले होते. सुनेने मला खुर्ची दिली. मी म्हणाले, नाना, परदेशातही आता उठून वाजवतात, माझी नात वाजवते, तुम्हीच बरोबर होतात. असं म्हणून त्यांच्या हातात टॅब दिला. मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. तेवढ्यासाठीच गेले होते, म्हणजे मलाही बरं वाटलं असतं.

त्यांनी पूर्ण पाहिलं. तू उठलीस तिथे त्यांनी टॅब डोळ्यांजवळ नेला. लोकांमध्ये शिरलात तिथे त्यांचे पाय हलतात का, हे मी पाहत होते. हलले नाहीत.

"ही पोर तुमनी ना? चांगली चालस," ते म्हणाले. मग काच उपरण्याने पुसून टॅब माझ्याकडे दिला.

मी तो पिशवीत ठेवत असताना त्यांनी विचारलं, "यास्ले कोनी खाली बसा म्हनं नही का, अक्का?"

नाही, मी म्हटलं. यांना कुणीच खाली बसा म्हटलं नाही.

नानांनी मान हलवली. त्यांना उत्तर मिळालं होतं. सुनेने चहा आणला, तो आम्ही प्यायलो. निघताना त्यांनी मला पारोळ्याची बस कुठे लागते ते सांगितलं, जणू मी पहिल्यांदाच आले होते.

काय उरलं आहे ते लिहिते आणि थांबते. बँड चालू आहे, बसून वाजवतो. चौदा खुर्च्या आहेत, नंबर अजून वाचता येतात. तुझ्या अक्षरातला कागद माझ्या कपाटात आहे. नानांचं क्लॅरनेट खोळीत आहे, सून दर रविवारी पुसून ठेवते. मूळ चित्रण भाच्याने पुसलेलं नव्हतं, त्यातली चार मिनिटं त्याने काल मला पाठवली. ती या पत्रासोबत आहेत.